पोरं हेरणारा हॉलिस

हॉलिस क्रॅबट्री सामन्याला आला की चेंडूकडे बघत नाही. चेंडू डावीकडे जातो, सगळं गाव उभं राहून डावीकडे ओरडतं आणि हा उकडलेल्या शेंगा सोलत उजवीकडे बघत बसलेला असतो. मध्येच खालचा ओठ पुढे काढून नाकावरची चिलटं फुंकरीने उडवतो आणि पुन्हा उजवीकडे. शेजारच्या माणसाला वाटतं, बिचाऱ्याला कमी दिसत असावं.

पण त्याचं कामच ते होतं. ओकालुसी कॉलेजच्या फुटबॉल संघासाठी दक्षिण जॉर्जियातल्या शाळांमधून पोरं हेरायची. आमचा फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत मारून पळायचं आणि अंगावर अंग आपटायचं. त्यातही हॉलिसचं खातं लाइनबॅकरांचं. पुढे धिप्पाड पोरांची भिंत असते आणि तिच्यामागे लाइनबॅकर उभा असतो. भिंतीतून जो कोणी चेंडू घेऊन निसटेल त्याला यानं आडवा करायचा. हॉलिस म्हणायचा, "चेंडू कुठे गेला ते सगळ्यांनाच दिसतं. चेंडू लांब असताना पोरगा काय करतो ते बघायचा मला पगार आहे."

मी वेंडल साइक्स. टॅलमनच्या शाळेत फुटबॉलचा कोच आहे आणि सकाळच्या तासांना पोरांना मोटार चालवायला शिकवतो. कॉलेजात हॉलिस आणि मी एकाच संघात होतो. तो खेळायचा, मी बाकावर बसायचो. त्यामुळे त्याचा खेळ माझ्याइतका निवांतपणे कोणी पाहिलेला नाही.

त्याच्या नजरेचं नाव होतं, पण तिला एक डागही होता. तरुणपणी एका शाळेतल्या पोराला बघून त्याने शेरा मारला होता, 'मान बारीक. टिकणार नाही.' तो पोरगा व्यावसायिक संघात जाऊन वर्षानुवर्षं टिकला आणि दर नाताळला हॉलिसला स्वतःचा फोटो पाठवायला लागला. फोटोत चेहरा नसतो. नुसती मान. हॉलिसची बायको मार्लीन ते फोटो फ्रिजवर ओळीने लावते, म्हणजे जेवताना नवऱ्याच्या समोर येतील.

तेव्हापासून हॉलिस कुणाबद्दलही चटकन बोलेनासा झाला. एकेका पोराला चार-चारदा बघायला यायचा. आमच्या कॉर्डेल विगफॉलसाठीही तसाच आला.

कॉर्डेल मैदानात असा आदळायचा की बाकावरच्या पोरांचे दात वाजायचे. आणि आदळून झालं की वाकून, समोरच्याला हात देऊन उठवायचा आणि म्हणायचा, "सॉरी हं. लागलं का?" एकदा विरुद्ध संघाच्या कोचने पंचांकडे तक्रार केली की हा पोरगा दर वेळी आमच्या पोराच्या कानात काहीतरी कुजबुजतो, नक्की शिव्या देत असणार. पंचांनी विचारलं तर तो त्या पोराला त्याच्या आजोबांचं ऑपरेशन कसं झालं ते विचारत होता. ते दोघे चर्चच्या शिबिरात एका खोलीत राहिले होते.

हॉलिस पहिल्यांदा आला तो वसंतात, सराव बघायला. वसंतात नियम असा असतो की कॉलेजच्या माणसाने पोराला डोळे भरून बघावं, समोर आलाच तर हॅलो म्हणावं, त्यापुढे अक्षर बोलू नये. सराव संपला आणि कॉर्डेल घाम पुसत आमच्यासमोर येऊन उभा राहिला.

"हॅलो," हॉलिस म्हणाला.

"हॅलो सर. फार ऊन आहे. तुम्हाला पाणी आणू का?"

हॉलिस घाबरून माझ्याकडे वळला. "वेंडल, याला उत्तर दिलं तर नियम मोडतो का रे?"

"नुसती मान हलव," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. कॉर्डेलने पाणी आणून दिलं. आता आभार मानायचे की नाही या पेचात हॉलिसने पुन्हा एकदा हॅलो म्हणून घेतलं.

मग तो मला म्हणाला, "पोराला त्या थंड पेयांच्या यंत्रापाशी जरा उभा कर."

"कशाला?"

"तुझ्या माहितीपत्रकात त्याची उंची सहा फूट दोन इंच छापली आहेस. आणि ती यंत्रं सहा फुटांची असतात."

कॉर्डेल यंत्राला पाठ लावून उभा राहिला. त्याचं डोकं आणि यंत्राचा माथा अगदी एका रेषेत. हॉलिसने माझ्याकडे वळून बघितलं.

"उन्हाने यंत्र फुगलं असेल," मी म्हणालो.

शरद ऋतूत तो शुक्रवारचा सामना बघायला आला. त्या संध्याकाळी कॉर्डेलची एक चूक झाली. समोरच्या पोराने डावीकडे हूल दिली, कॉर्डेल त्याच्यावर झेपावला आणि त्याच्या हाताला नुसती हवा लागली. तो पोरगा मोकळा सुटला. आमच्या बाकीच्या पोरांनी पळणं सोडून दिलं, मी टोपी जमिनीवर आपटली. कॉर्डेल मात्र उठून त्याच्यामागे पळत राहिला. गाठणं शक्यच नव्हतं. तो पोरगा शेवटच्या रेषेपार गेला, नाचून झाला, तेव्हा हा तिथे पोचला. दुसऱ्या अर्ध्यात तीच हूल पुन्हा आली. या वेळी कॉर्डेल जागचा हललाच नाही. हूल संपायची वाट बघत थांबला आणि मग त्याने त्या पोराला असा काही उताणा केला की त्याचा बूट आमच्या वाद्यवृंदात जाऊन पडला. कॉर्डेल स्वतः तो बूट परत आणून देताना दिसला.

हॉलिसच्या मांडीवरची शेंगांची पिशवी पडली, ती त्याने उचललीसुद्धा नाही. "याच्या आईला भेटायला हवं," तो म्हणाला.

पण त्या आठवड्यात आणखीही एक जण येऊन गेला. एका मोठ्या विद्यापीठाचा माणूस, चकचकीत जाकीट, बोटात विजेत्यांना मिळते तसली लाडवाएवढी अंगठी. त्यांचं मैदान एवढं मोठं की आमचं गाव त्यात बसवून वर पाहुण्यांना जागा उरेल. त्याने कॉर्डेलला शिष्यवृत्तीचा शब्द दिला आणि आईला म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही याची बहीणच आहात." गावात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की पोरगा तिकडे जाणार.

डिसेंबरात घरी जायला परवानगी असते. रविवारी दुपारी जेवायला या, असा विगफॉलबाईंचा निरोप माझ्यामार्फत आला. फोनवर त्या हॉलिसला कधी सापडल्याच नव्हत्या, नेहमी कामावर. "आई काय करते?" असं हॉलिसने विचारलं होतं आणि मी "काउंटीच्या नोकरीत आहे" म्हणून सांगितलं होतं. त्याला वाटलं, कुठल्यातरी कचेरीत टेबलामागे बसत असेल.

आम्हाला उशीर झाला. हॉलिसने केस कापायला वेळ घेतला, डोक्यावर जे काय उरलं होतं ते. मग पेकन नावाच्या अक्रोडांच्या बागांमधल्या सरळ रस्त्यावर त्याने गाडी अशी सोडली की माझा उजवा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबायला लागला. धंद्याची सवय.

"हॉलिस, हळू."

"जेवण निवलं तर आई चिडते. आई चिडली की पोरगा गेला."

मागे निळे दिवे लागले.

गाडी बाजूला घेतली. आरशात मी बघितलं आणि सीटमध्ये खाली सरकलो. जाड पोलिसी जाकीट गळ्यापर्यंत बंद करून, हॅट नीट करत, डेप्युटी योलांडा विगफॉल सावकाश चालत येत होत्या. कॉर्डेलची आई.

त्यांनी आधी हॉलिसच्या शर्टावरचं ओकालुसी कॉलेजचं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं.

"कोच साइक्स, तुम्ही गप्प बसायचं," त्या म्हणाल्या. "मी या सरांशी बोलतेय. काय सर, कुठे आग लागलीय?"

"मॅडम, चूक झाली, कबूल," हॉलिस म्हणाला. तो आयांशी बोलतो तो मधाळ आवाज त्याने आधीच काढून ठेवलेला होता. "पण एका पोराच्या भविष्याचा प्रश्न आहे. विगफॉलांचा कॉर्डेल. तुम्ही ओळखत असाल."

"बघितलाय."

"हिरा आहे, मॅडम! पण काय आहे, आईला भेटायला निघालोय आणि ती बाई म्हणे भारी खवट आहे."

"अस्सं? कोण म्हणतं?"

मी हॉलिसच्या घोट्यावर लाथ मारली. त्याने नुसताच पाय मागे घेतला.

"हा वेंडलच म्हणतो की! ओळखतो ना हा तिला. म्हणाला, शाळेची सगळी कमिटी तिला टरकून असते."

योलांडाबाईंनी वाकून खिडकीतून माझ्याकडे बघितलं. "असं म्हणालात, कोच?"

"मी... ते कौतुकानं," मी म्हणालो.

"मग आता कसं करणार तुम्ही?" त्यांनी हॉलिसला विचारलं. आवाजात अगदी काळजी.

"अहो, तीस वर्षं हेच करतोय. आईला जिंकलं की पोरगा आपला. आधी भिंतीवरचे फोटो बघायचे. बाळपणीचा फोटो आला की डोळ्यांत थोडं पाणी आणायचं. ते जमतं मला. मग जेवण. खोबऱ्याचा केक असतोच, तो दोनदा मागून घ्यायचा. तिसऱ्यांदा नाही, खोटं वाटतं."

"हुशार आहात," योलांडाबाई म्हणाल्या आणि दंडाची पावती फाडून त्याच्या हातात दिली. "सावकाश जा. कुणाच्या तरी आईचा मुलगा रस्त्यात असेल."

गाडी सुरू झाल्यावर हॉलिस म्हणाला, "बाई चांगली होती रे. पण कडक."

मी त्याला सांगणार होतो, अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याने माझं नाव घेतलं होतं. म्हटलं, भोग.

दार कॉर्डेलने उघडलं. "या सर, या कोच. आई ड्यूटीवरून येतेच आहे, तुम्ही बसा." हॉलिस बसला नाही. हात मागे बांधून, मान कलती करून तो थेट फोटोंच्या भिंतीकडे गेला. पहिला फोटो, पाळण्यातला गुटगुटीत कॉर्डेल. हॉलिसने डोळे मिचकावून तयारी केली. दुसरा, शाळेचा पहिला दिवस. तिसऱ्या फोटोपाशी तो थांबला. गणवेशातली एक बाई, हॅट काखेत, शेरीफशी हात मिळवतेय.

"ही... तुझी मावशी का रे, बाळा?"

"नाही सर, आई."

हॉलिसच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. बाहेर अंगणात गाडीचं दार वाजलं.

योलांडाबाई आत आल्या, जाकीट काढून खुंटीला लावलं. छातीवरच्या पितळी पट्टीवर 'विगफॉल' असं ठळक लिहिलेलं होतं.

"अरे वा, फोटोंपर्यंत आलात," त्या म्हणाल्या. "आलं का पाणी?"

"आलं, मॅडम," हॉलिस म्हणाला.

"मग बसा. अजून केक राहिलाय."

जेवण उत्तम होतं. तळलेला मासा, धुरावलेलं डुकराचं मांस घालून शिजवलेली पालेभाजी, मक्याचा पाव. पण हॉलिसला घास उतरेना. केक आला तेव्हा तो एकदा घ्यावा की दोनदा, हे त्याला कळेना. घेतला तर ढोंग, नाही घेतला तर अपमान. शेवटी योलांडाबाईंनीच दोन तुकडे एकदम त्याच्या ताटलीत वाढले.

"आता ठरवून आणलेलं संपलं असेल," त्या म्हणाल्या, "तर खरं बोला."

हॉलिसने चमचा खाली ठेवला. मधाळ आवाज गेला आणि त्याचा नेहमीचा, घोगरा आवाज आला.

"खरं म्हणजे, मॅडम, पोरगा दोन इंच कमी आहे. मोठ्या ठिकाणचे लोक ते विसरत नाहीत. आज गोड बोलतील, उद्या उंच पोरगा मिळाला की फोन उचलणार नाहीत. अगदी तसंच होईल असं नाही. पण होतं."

"आणि तुम्हाला दोन इंच नकोत?"

"हवेत की! पण मला त्याहून जे हवंय ते मी ऑक्टोबरात बघितलं. त्याच्या हातून एक पोरगा सुटला. सगळे थांबले. हा नाही थांबला. काही उपयोग नाही हे कळत असून पळाला. तसा पोरगा मला फार वर्षांत दिसला नाही."

कॉर्डेल खाली मान घालून केक चिवडत होता.

"त्याचा एकच दोष आहे," हॉलिस पुढे म्हणाला. "पाडून झालं की सॉरी म्हणतो. ते काही आमच्याने सुटायचं नाही."

"ते माझ्याकडून आलंय," योलांडाबाई म्हणाल्या. "मीही दंड करताना लोकांना सॉरी म्हणते."

"मला नाही म्हणालात."

"तुमच्या वेळी वाईट वाटलं नव्हतं."

पहिल्यांदाच हॉलिस हसला. मग मी हसलो, तेव्हा योलांडाबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा गंभीर झालो. खवट या शब्दाचा हिशेब अजून बाकी होता.

"गुडघा गेला तर?" त्यांनी विचारलं. "अंगठीवाल्यांना विचारलं, ते म्हणाले तसा विचारच करायचा नाही. मी रोज रस्त्यावर फुटलेली माणसं बघते. मी तोच विचार करते."

"आमचे मुख्य कोच शब्दाचे पक्के आहेत. ते असेपर्यंत गुडघा गेला तरी त्याचं शिक्षण चालू राहील," हॉलिस म्हणाला. "पण सलग दोन वर्षं हरलो तर त्यांना काढतील. त्यांच्याबरोबर मलाही. म्हणून मी असं सांगेन की आमच्या कुणाच्या भरवशावर येऊ नये. आम्ही सगळे गेलो तरी राहावंसं वाटेल अशी जागा बघावी. मग ती आमची असो नाहीतर नसो."

मी मनात म्हटलं, गेला पोरगा. कुठला माणूस असा आपलाच माल खाली पाडून विकतो?

कॉर्डेलने मान वर केली. "सर, एक विचारू? तिथे मासे पकडायला तळं आहे का?"

"तळं आहे. मासे नाहीत. बदकं आहेत आणि एक चावरं कासव आहे. ते दोनदा मला चावलंय."

"कुठे?" कॉर्डेलने विचारलं.

"काठावर."

"नाही सर, म्हणजे अंगाला कुठे?"

हॉलिसने योलांडाबाईंकडे बघितलं आणि म्हणाला, "ते तू आलास की सांगेन."

जानेवारीत अंगठीवाल्यांचा फोन आला. शब्द कायम आहे, पण यंदा जागा भरल्यात, तर कॉर्डेलने एक वर्ष घरी बसावं आणि मग यावं. योलांडाबाईंनी कारण विचारलं तर म्हणे आकड्यांचा प्रश्न आहे. त्यांनी फोन ठेवला आणि कॉर्डेलला बोलावलं. पण तो म्हणाला, "माझं आधीच ठरलंय, मम्मा. त्या दिवशी जेवतानाच." का, असं मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, "दंड करणारी माझीच आई हे कळल्यावरसुद्धा आमच्या घरी जेवायला थांबले ना ते."

फेब्रुवारीत सह्यांचा दिवस असतो. शाळेच्या व्यायामशाळेत टेबल मांडलं, वाद्यवृंद वाजला, कॉर्डेलने ओकालुसीची टोपी घातली आणि अर्धं गाव 'कुठे आहे हे?' असं एकमेकांना विचारू लागलं. सही झाली. कागद फॅक्सने कॉलेजला पाठवायचा, तो पोचला की पोरगा त्यांचा. फॅक्सचं काम मी आनंदाने अंगावर घेतलं.

तिकडे हॉलिस सकाळपासून यंत्रासमोर खुर्ची टाकून बसला होता. नियमाप्रमाणे त्याला त्या दिवशी इकडे येता येत नव्हतं. दुसऱ्या पोरांचे कागद आले, कॉर्डेलचा आला नाही. त्याने यंत्राला थोपटलं. कागद घातला. बंद करून पुन्हा चालू केलं. दुपार झाली तशी त्याने मार्लीनला फोन केला की आईचं मन शेवटच्या क्षणी फिरलं आणि त्याला कारण मीच आहे, तोंडाळ माणूस. मला फोन करायची त्याची हिंमत होईना.

इकडे मी समजत होतो की काम फत्ते झालं आणि केक खात होतो. तेवढ्यात शाळेच्या कचेरीत फोन वाजला. पलीकडून एक माणूस म्हणाला, "मी ओकालुसीहून बोलतोय, टायरचं दुकान आहे माझं. तुमचा कोणी कॉर्डेल विगफॉल पुढची चार वर्षं आमच्याकडे यायला कबूल झालाय. आमची काही हरकत नाही, अंगापिंडाने कसा आहे?"

एक आकडा चुकला होता. मी धावत जाऊन पुन्हा फॅक्स केला, या वेळी योलांडाबाई मागे उभ्या राहून आकडे मोठ्याने वाचत होत्या, आणि प्रत्येक आकड्यानंतर "बरोबर का, कोच?" असं विचारत होत्या. मी एकंदर दहा वेळा "हो, मॅडम" म्हणालो. खवटचा हिशेब तिथे मिटला असावा.

हॉलिस मला नंतर म्हणाला की यंत्राने घरघर केली तेव्हा तो जेवणाचा डबा उघडून बसला होता. कागदावर कॉर्डेलचं नाव उमटलं आणि त्याने तो इतक्या घाईने ओढला की अर्धा फाटला. चिकटपट्टी लावलेला तो कागद कॉलेजच्या कपाटात अजून असेल.

कॉर्डेल पहिलं वर्ष बाकावर बसला, पुढची तीन वर्षं खेळला, शेवटच्या वर्षी कर्णधार झाला. व्यावसायिक संघांनी त्याच्याकडे बघितलं नाही. गुडघे शाबूत राहिले. त्याने वनखात्याचं शिक्षण घेतलं आणि आता किनाऱ्याकडच्या दलदलीत सुसरी मोजायच्या नोकरीवर आहे. मुख्य कोचना मधल्याच वर्षी काढलं. पण नव्या माणसाला संघातली सगळी पोरं हॉलिसला विचारूनच सराव करतात असं दिसलं आणि त्याने हॉलिसला ठेवून घेतलं. कॉर्डेल पदवी घेऊन बाहेर पडला त्याच वर्षी हॉलिस निवृत्त झाला. मला म्हणाला, "आता कंटाळा आला रे लोकांच्या घरी जेवायचा." ते मात्र खरं नव्हतं.

आता तो मुलीकडे सॅव्हानाजवळ राहतो. नात पोहण्याच्या संघात आहे. हॉलिसला पोहणं कळत नाही, स्वतःला येतही नाही, पण प्रत्येक शर्यतीला तो सगळ्यांत खालच्या पायरीवर जाऊन बसतो आणि शिट्टी झाली की गुडघ्यावर मुठी आपटत, फुटबॉलच्या पोरांना ओरडावं तसा ओरडायला लागतो, "खाली! अजून खाली वाक!" गेल्या महिन्यात तिथल्या शिकवणाऱ्या बाई त्याच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आजोबा, पोरी पाण्यात आहेत. आणखी खाली गेल्या तर आम्हाला उड्या माराव्या लागतील." हॉलिसने त्यांची माफी मागितली, त्या वळल्या आणि त्याने शेजारच्या बाईंना विचारलं, "पाण्यात चौथ्या रांगेतली ती पोरगी कुणाची हो? खांदे काय आहेत!"